दोन डब्बे आणि एक कान

"डब्बे जाणार नाईत."

हे वाक्य पंजाबराव सकाळपासून सहा वेळा बोलले होते. तीनदा बसून, दोनदा येरझारा घालताना आणि एकदा न्हाणीघरातून.

डब्बे म्हणजे दोन साउंड बॉक्स. कमरेइतके उंच. स्मृती नगरच्या त्या छोट्या खोलीत ते बसत नाहीत अन् जातही नाहीत अशा पाहुण्यांसारखे उभे होते. मधल्या टेबलावर कॅसेटचा डेक. आणि समोर खिडकीत परागने, म्हणजे मुलाने, आणून ठेवलेलं ब्लूटूथ. लोटीएवढं.

"बाबा, फोनवर बोट ठेवलं का गाणं सुरू. कॅसेट शोधा, उलटवा, पेन्सिलनं गुंडाळा, एवढी झंझट कायले?"

"सोय येगळी, सूर येगळा. डब्बा वाजला का ढोलकी खोलीत येऊन बसते. तुह्या लोटीत ढोलकी मावन का?"

"अन् तुमच्या डेकमधून कुई-कुई येते, त्याचं काय?"

"तुह्या कानात येत असन."

*पॉज.*

पंजाबराव बत्तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये फिटर होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला लावायचं, मूठ कानाला. डोळे मिटायचे. "आतलं बेअरिंग चार दिवसांत जाते." चौथ्या दिवशी ते जायचंच. इंजिनिअर आधी मीटर लावत, मग पंजाबरावांना बोलवत. अख्ख्या खात्यात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. 'कानवाले' म्हणत.

तो कान आता राहिला नव्हता, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. बारीक आवाज एकेक करून निघून गेले होते. कुकरची शिट्टी गेली, दारावरची घंटा गेली, नात मोनाचं अर्धं बोलणं गेलं. उरले ते फक्त जाड आवाज; गाण्यातला तर नुसता ठेका उरला होता, आणि तो या दोन डब्ब्यांतून फरशीत उतरून तळपायांनाच कळायचा. डब्बे गेले की गाणं गेलं. पण हे सांगायचं तर कानाचं सांगावं लागलं असतं.

*प्ले.*

"कुई-कुई येत नाई म्हणता ना? मंग पैज लावा," पराग म्हणाला. "भिंतीकडं तोंड करून बसा. पाच गाणी. कोणतं डब्ब्याचं, कोणतं ब्लूटूथचं, सांगा. एक जरी चुकलं तं डब्बे भंगारात."

मोना फिस्सकन हसली. "इसमें क्या है आबा, ये तो मैं भी बता दूँ!"

त्यात हसण्यासारखं काय होतं, ते पंजाबरावांना कळलं नाही. त्यांनी चपला काढल्या आणि तळपाय फरशीवर घट्ट टेकवले.

पहिलं गाणं. तळपायाला गुदगुल्या. "डब्बा!"

दुसरं. फरशी मुकी. "लोटी!"

तिसरं. फरशी मुकीच. लांबून कोणीतरी पुटपुटल्यासारखं काहीतरी. पंजाबरावांना आता जोर चढला होता. "लोटी! अन् हा गाणारा कोण बे? गळ्यात दमच नाई याच्या!"

मागून मोनाचं हसू, तेही एवढं मोठं की त्यांना ऐकू आलं.

"बाबा, गाणं नोय ते. मधात ब्लूटूथवर फोन आला. भूपेंद्र कबाडी होता. डब्बे उचलाले कवा येऊ म्हणून विचारत होता."

पंजाबरावांनी तोंड भिंतीकडेच ठेवलं. "म्हणूनच म्हणलो, दम नाई. अन् काऊन रे, पैज लावाच्या आधीच तू त्याले सांगून ठेवलं?"

पराग वरमला. पण त्याची नजर वडिलांच्या पायांवर गेली होती. "बाबा, पाय वर घ्या. दिवाणावर मांडी घालून बसा."

संपलं. खाली सहा इंच कापूस. चौथं गाणं सुरू झालं असावं. असावं! पंजाबराव एकदा डावीकडे सरकले, एकदा उजवीकडे. छतातून काही येतं का पाहिलं. काही येत नव्हतं.

एवढ्यात अंजनाबाई मेथीची परात घेऊन दिवाणावर येऊन बसल्या. "सरका जरासे." परातीची कड नवऱ्याच्या गुडघ्याला लागली. पुन्हा लागली. दोनदा.

डब्बे दोन. "ड... डब्बा!"

पाचव्या गाण्याला कड एकदाच लागली. "लोटी."

पराग हरला. पंजाबराव जिंकले. स्वयंपाकघरात अंजनाबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "उद्या कानाच्या डॉक्टरकडं चाला. नाई तं परागले सांगाच लागन."

"तुले कवापासून मालूम?"

"माह्या बोलण्याले तुमी 'हो हो' म्हणाले लागले तवापासून. आधी भांडत होते."

*उलटी बाजू.*

आठ दिवसांनी पंजाबराव कानात हरभऱ्याएवढं मशीन घालून घरी आले. हे मशीन फोनला ब्लूटूथने जोडता येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आल्याआल्या त्यांनी आवडती कॅसेट डेकमध्ये सरकवली आणि बटण दाबलं.

कुईऽऽऽ कुईऽऽऽ कुईऽऽऽ!

ते दोन पावलं मागे सरले. स्क्रूड्रायव्हर लावायचीही गरज नव्हती. "अंजना! याच्या मोटरचं बेअरिंग गेलं ना वं!"

"बारा वर्षं झाले."

"बारा? अन् मले कोणी सांगितलं काऊन नाई?"

"रोज सांगून राहिलो. पराग सांगते, मोना सांगते. तुमी म्हणता, तुह्या कानात येत असन."

कानवाले पंजाबराव खाली बसले. डेक पालथा केला, स्क्रू काढले. दोन्ही डब्बे बाजूला गप्प उभे. दुपारभर खोलीत चूं नाही की चां नाही, पण पंजाबरावांचे तळपाय मात्र फरशीवर ठेका धरून होते.

मोना दारात येऊन उभी राहिली. तिने उघडा डेक पाहिला, बंद लोटी पाहिली, मग आजोबांच्या खिशातून डोकावणारा चमकता फोन पाहिला.

"आबा, आप ब्लूटूथ पे गाना सुन रहे हो ना?"

पंजाबरावांनी मान वर केली, तळहात कानामागे धरला.

"काय म्हणलं बाई? ऐकू नाई आलं."