रूपरावांचे तीन दिवस

रूपरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी काही ठरवलं, ते म्हणजे दिल्लीच्या अप्पूघरात तीन दिवस झुल्यांत बसायचं. आता यात वाईट काय आहे, असं तुम्ही म्हणाल. वाईट काहीच नाही. पण रूपरावांचं वय सत्तेचाळीस होतं, ते सहकारी सोसायटीचे चेअरमन होते, आणि वर्ध्याकडच्या आष्टी तालुक्यातल्या त्यांच्या गावात चेअरमननं झुल्यात बसायची पद्धत नव्हती.

ही आग लावली ओमप्रकाशनं. ओमप्रकाश म्हणजे रूपरावांचा संत्रा घेणारा दिल्लीचा व्यापारी. थंडीत माल तोडायला आला, तेव्हा ओट्यावर चहा पिता पिता त्यानं सांगितलं की, दिल्लीत अप्पूघर नावाचं एक मोठं उद्यान निघालंय, सारं झुल्यांचं. एक आगगाडी आहे, ती चढावर टकटक करत वर जाते, पळभर थांबते आणि तिथून जी सुटते ती थेट खाली. एक जहाज आहे, ते पाण्यात नाही, हवेतच डोलतं. एका दिवसात पाहून होत नाही म्हणाला, तीन दिवस पाहिजेत, उतरायला माझं घर आहेच. एवढं बोलून ओमप्रकाश ट्रकात बसून निघून गेला. रूपराव मात्र त्या ओट्यावरून मनानं उठलेच नाहीत.

त्यांनी बेत केला तो बागेच्या फवारणीचा करतात तसा, कागदावर. मे महिन्यात जायचं, कारण तेव्हा शेतात काम कमी. सातच दिवस, कारण संत्र्याच्या हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या आंबिया बहाराची फळं बोराएवढी झालेली असतात, त्यांना आठव्या दिवशी पाणी लागतं, आणि ते पाणी गड्याच्या भरवशावर सोडायची रूपरावांची तयारी नव्हती. जाण्यायेण्यात चार दिवस, मधले तीन अप्पूघराचे. पहिल्या दिवशी सवय व्हावी म्हणून लहान झुले, दुसऱ्या दिवशी जहाज, आणि तिसरा अख्खा दिवस आगगाडी. दिल्लीचं ऊन म्हणाल, तर आपल्याकडच्या उन्हात ज्यानं उन्हाळे काढले, त्याला दिल्लीचं ऊन काय करणार!

बायकोला, आनंदाबाईंना, त्यांनी सांगितलं की आपण शोभासाठी जातोय. शोभा म्हणजे त्यांची दहा वर्षांची लेक. आनंदाबाईंनी भाकरी थापता थापता एकदा वर पाहिलं. शोभाला आष्टीपर्यंत एसटीनं नेलं तरी दोनदा वांती होते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण तीन दिवस चूल पेटवायची नाही, दुसऱ्याच्या हातचं आयतं खायचं, ही गोष्ट आनंदाबाईंना इतकी गोड वाटली की त्यांनी मान हलवून पुढची भाकरी थापायला घेतली.

होळी झाल्यावर रूपराव वर्ध्याला गेले आणि जी. टी. एक्सप्रेसची तीन तिकिटं काढून आले. येताना एसटीत नेमके नत्थूजी भेटले. नत्थूजी म्हणजे रूपरावांचे सख्खे चुलते, वय सत्तर, भजनी मंडळाचे मुख्य. त्यांना कानानं थोडं कमी ऐकू यायचं म्हणून ते मोठ्यानं बोलायचे, आणि त्यांनी खिशातली तिकिटं पाहून मोठ्यानंच विचारलं.

"दिल्ली? काऊन, दिल्लीले काय हाय?"

सारी एसटी वळून पाहू लागली. शोभासाठी चाललो म्हणावं, तर समोरच्या बाकावर शोभाची मास्तरीण बसलेली. झुल्यात बसायला चाललो म्हणावं, तर उद्यापासून सोसायटीत तोंड दाखवायची सोय नाही. रूपरावांच्या तोंडातून निघून गेलं, "देवदर्शनाले, काकाजी. मथुरा-बिथुरा."

झालं. त्या 'बिथुरा'मध्ये उत्तर हिंदुस्थानातली सगळी तीर्थं मावली. नत्थूजींनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि त्यांचे डोळे भरून आले. गाव येईपर्यंत ते एकच सांगत राहिले, की इतकी वर्षं भजन म्हटलं पण कृष्णाचं गाव काही पाहिलं नाही, आता पुतण्याच्या पुण्याईनं दिसणार. रूपरावांनी त्यांना बोलावलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या तिकिटाचे पैसे आणून दिले. सोबत शेजारच्या मनकर्णाबाईंचेही दिले. मनकर्णाबाई म्हणजे एकटी विधवा बाई, बारा वर्षांपूर्वी मथुरेचा नवस बोललेली. नाही म्हणणार कोणत्या तोंडानं? रूपरावांनी कागद काढला आणि तीन दिवसांतला एक मथुरेला दिला. लहान झुले गेले. तेवढं चालेल, म्हणाले, सवय काय होईलच.

मग गंगेचं निघालं. इतक्या वर जाता आणि गंगाजल आणत नाही, असं कसं चालेल? सकाळ झाली की रूपरावांच्या ओट्यावर कोणीतरी तांब्या नाहीतर बाटली ठेवून जायचं, आणि कोणाची कोणती हे कळावं म्हणून तिला चिंधी बांधून जायचं. पंधरा दिवसांत सव्वीस बाटल्या जमल्या. हरिद्वार दिल्लीहून किती लांब, हे नत्थूजींनी परस्पर आष्टीच्या पोस्टमास्तरांना विचारून घेतलं. एक दिवस पुरतो म्हणाले. रूपरावांनी पुन्हा कागद काढला. जहाज गेलं. पण आगगाडीचा दिवस अजून शाबूत होता, आणि त्या दिवसाला ते हात लावू देणार नव्हते. त्या एका दिवसासाठी ते मथुरा, हरिद्वार आणि सव्वीस बाटल्या हसत सहन करायला तयार होते.

तो दिवस मावंद्यानं खाल्ला. तीर्थाहून परत आलं की गावाला जेवण द्यायचं, त्याला मावंदं म्हणतात, आणि ते दिल्याशिवाय तीर्थ पुरं होत नाही. मे महिना हा लग्नाचा. नत्थूजींनी घरोघरच्या पत्रिका गोळा करून पाहिल्या, तर परतल्यानंतर पावसाळ्यापर्यंत सगळं गाव घरी असेल असा एकच दिवस निघत होता, आणि त्यासाठी एक दिवस आधी परतणं भाग होतं. त्यांनी तिकिटंही बदलून आणली. "तुले काई करा लागू नये म्हणून मीच गेलतो," म्हणाले. रूपरावांनी त्यांच्या पाया पडून आत जाऊन कागद फाडला.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. सत्तेचाळीस वर्षांत त्यांनी बापाची बाग वाढवली, दोन बहिणींची लग्नं केली, सोसायटीचे तंटे मिटवले, आणि एक गोष्ट, फक्त एक गोष्ट स्वतःसाठी मागितली होती. ती त्यांच्याच तोंडून निघालेल्या एका शब्दानं गेली. त्यांना खरंच रडू येत होतं, आणि कशासाठी रडू येतंय हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. आनंदाबाईंना मात्र सांगायची गरज नव्हती. त्यांचेही तीन दिवस गेलेच होते.

"झुल्यात तुमी बसणार होते," त्या शांतपणे म्हणाल्या, "न् आता साऱ्या गावाची बुंदी मले पाडा लागते. सांगून काऊन नाई टाकत?"

"काय सांगू? चेअरमन झुल्यात बसाले चालला म्हणून?"

आनंदाबाई उठून ट्रंक भरायला लागल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर भजन झालं. तीर्थाला निघालेल्या माणसाला गाव निरोप देतं तसा सगळा थाट होता. रूपरावांना पाटावर बसवलं, बुक्का लावला, हार घातला, मांडीवर नारळ ठेवले. एकेक जण येऊन पाया पडत होता, कारण तीर्थाला निघालेल्याच्या पाया पडलं की थोडं पुण्य आपल्यालाही लागतं. रूपराव खाली मान घालून बसले होते. पोरं पडली, बरोबरीचे पडले, तिथपर्यंत त्यांनी कसंबसं निभावलं. पण मग रुख्माबाई उठल्या. गावातल्या सगळ्यात वडील, ऐंशीच्या पुढच्या, कमरेत पार वाकलेल्या. याच बाईनं रूपरावांना जन्मल्यावर पहिली अंघोळ घातली होती. दोघींनी दोन बाजूंनी धरून त्यांना आणलं, आणि त्या हळूहळू खाली वाकू लागल्या.

रूपरावांनी पाय पोटाशी ओढून घेतले. मांडीवरचे नारळ गडगडत गेले.

"रुख्मामाय, माह्या पाया नको पडू. मी देवाले नाई चाललो. मी झुल्यात बसाले चाललो."

टाळ थांबले. कोणाला काहीच कळेना. मग रूपरावांनी पाटावर उभं राहून सगळं सांगून टाकलं, अगदी ओमप्रकाशच्या चहापासून एसटीतल्या खोटेपणापर्यंत. आता अब्रू गेलीच आहे म्हटल्यावर त्यांना एकदम मोकळं वाटू लागलं, आणि ते झुल्यांचंही सांगू लागले. आगगाडी कशी टकटक करत वर चढते, वर गेल्यावर पळभर कशी थांबते, आणि मग कशी सुटते. पाच महिने ते दुसरं काही मनात आणतच नव्हते, त्यामुळे न पाहताच त्यांना सारं पाठ होतं. अर्धा तास ते बोलले. सोसायटीच्या सभेत त्यांचं भाषण कोणी इतकं ऐकलं नव्हतं. संपलं तेव्हा कोणी हसलं नाही की रागावलं नाही. नत्थूजींनी तेवढं विचारलं, की ती गाडी वर किती वेळ थांबते. पळभर, रूपराव म्हणाले. नत्थूजींनी वीणा खांद्याला लावली आणि ते घरी गेले. त्यांच्यामागे एकेक करून सारेच गेले.

सकाळी रूपराव बायको आणि लेकीला घेऊन चोरासारखे एसटीच्या थांब्यावर आले. तिकिटं होती म्हणून निघायचं, एवढंच. थांब्यावर नत्थूजी आणि मनकर्णाबाई आधीच ट्रंकांवर बसलेले होते. रूपरावांनी मान खाली घालून सांगितलं की, काकाजी, तुम्हाला मी मथुरेला नेतो, हरिद्वारलाही नेतो, माझी चूक झाली.

"मथुरा काई पळून नाई चालली," नत्थूजी म्हणाले. "मशीनचा भरवसा नाई, कधी बंद पडीन. पयले ते पाहून घेऊ."

"पण मावंदं?"

"कायचं मावंदं? देवाले गेलाच नाई तं मावंदं कोठून आलं? मी तिकिटं बदलून आणतो वर्ध्याले."

मनकर्णाबाईंनी एवढंच सांगितलं की नवस बारा वर्षं थांबला, तेरावं लागलं तर कृष्ण काही रागावणार नाही. आनंदाबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी भर थांब्यावर मनकर्णाबाईंच्या तोंडात लाडू कोंबला. हिशेब सरळ होता. मथुरा गेली, हरिद्वार गेलं, मावंदं गेलं. रूपरावांचे तीन दिवस त्यांना जसेच्या तसे परत मिळाले.

अप्पूघरात पोचल्यावर नत्थूजींनी लहान झुल्यांची सवय वगैरे काही ऐकून घेतलं नाही. पहिल्याच सकाळी मंडळी आगगाडीच्या रांगेत उभी राहिली. आनंदाबाई शोभाला घेऊन सावलीत बसल्या, हातात दुसऱ्यानं तळलेल्या गरम कचोऱ्या होत्या. रूपरावांना सगळ्यात पुढचा डबा मिळाला. एका बाकावर दोघांनी बसायचं होतं, आणि तिथं आधीच एक गृहस्थ बसलेले होते. एवढ्या उन्हात त्यांनी डोक्यावरून, तोंडावरून दुपट्टा लपेटून घेतला होता. रूपरावांकडे पाहताच त्यांनी तो आणखी ओढला. मागच्या बाकावरून मनकर्णाबाई वाकून पाहत म्हणाल्या, "अवं माय, हे तं आपले आष्टीचे प्रभाकरराव होय."

आष्टीत सगळ्यात मोठं कापडाचं दुकान प्रभाकररावांचं. दहाच दिवसांपूर्वी आष्टीनं त्यांना बँड लावून बद्रीनाथाला पाठवलं होतं. सोसायटीतर्फे हार घालायला स्वतः रूपराव गेले होते.

"उद्या निघतोच मी बद्रीनाथाले," प्रभाकरराव दुपट्ट्यातून पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, "तुमी काय सांगून आले गावाले?"

"झुल्यात बसाले चाललो, म्हणून."

"असं सांगतलं? न् येऊ देलं?"

"काकाजीले संगं पाठवलं."

गाडी टकटक करत चढू लागली. वर पोचली, पळभर थांबली. आणि सुटली. रूपराव बेंबीच्या देठापासून ओरडले. जन्मात ओरडले नव्हते एवढे ओरडले. मागून नत्थूजी एकेका देवाला हाक मारत होते, त्यात मथुरेचा आला, हरिद्वारचा आला, गावचा मारुतीही आला. प्रभाकररावांनी मात्र दोन्ही हातांनी दुपट्टा गच्च धरून ठेवला होता आणि तोंडातून हूं की चूं काढलं नाही, कारण खाली रांगेत आणखी कोण ओळखीचं उभं असेल याचा नेम नव्हता.

गाडी थांबली. सारे उतरले. प्रभाकरराव रूपरावांना बाजूला घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "रूपरावजी, परत गेल्यावर लोक मले इचारतीन, बद्रीनाथाची वाट कशी हाय. काय सांगू?"

रूपरावांनी आगगाडीच्या चढाकडे बोट दाखवलं.

"सांगा, लय चढाची हाय. वर गेलं का पोटात गोळा येते. न् देव आठवते, हे तं खरंच हाय."

प्रभाकररावांनी ते मनाशी दोनदा घोकलं. तोवर नत्थूजी हाका मारू लागले होते, आणि रूपराव पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. अजून जवळजवळ तीन दिवस बाकी होते.