सासूबाईंची तबकडी

रविवारी सासूबाई गाणं ऐकायला येणार होत्या आणि गुरुवारी जावईबापूंनी तबकडी पहिल्यांदा पाकिटातून बाहेर काढली. ती उन्हात वाळलेल्या चपलेसारखी कडेने वर आली होती.

तबकडी साधी नव्हती. सासूबाईंनी लग्नाआधी गायलेलं एकुलतं एक गाणं तिच्यावर होतं आणि दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. जावयाने रेकॉर्ड प्लेअर घेतल्याचं कळताच त्यांनी ती मोठ्या विश्वासाने धाडली होती. "आमचं मेलं मशीन तीस वर्षं बिघडलेलंय. सुई उडते, असं हे म्हणतात." जावईबापूंनी पाकीट न उघडता, जपून, खिडकीत ठेवलं होतं.

"दुपारभर ऊन असतं तिथे," बायको म्हणाली. "माझ्या आईचा आवाज वाळत घातलात तुम्ही."

"सपाट करतो ना."

"तुम्हाला शर्टाची कॉलर सपाट करता येत नाही."

दोन काचांमध्ये ठेवून वर वजन ठेवायचं, असं दुकानदाराने फोनवर सांगितलं. एक काच शोकेसची मिळाली. दुसरी लग्नाच्या फोटोवरून उतरवावी लागली. वर शब्दकोशाचे चार खंड आणि गव्हाचा डबा ठेवला, तरी कड वरच. शेवटी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा ब्याण्णव किलोचा होता आणि सध्या मोकळा होता. काचेवर उशी घालून त्याला बसवलं.

"हलू नकोस."

"भावोजी, शिंक आली तर?"

"गिळ."

शनिवारी तबकडी सपाट झाली. लावली, तर गाण्याआधी नुसती चरचर, जणू कुणी कढईत काहीतरी सोडलंय. मधला नावाचा कागद भिजू नये म्हणून त्यावर डब्याची झाकणं दाबून ती साबणाच्या पाण्याने धुतली. चरचर गेली. मग लक्षात आलं की घरात कुणी पाऊल टाकलं तरी सुई उडते.

त्यामुळे रविवारी सगळे पाय वर घेऊन बसले होते.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, असंच ऐकायचं असतं," मेहुणा म्हणाला. तीन दिवसांत तो जाणकार झाला होता.

सुई टेकली. उडाली नाही, चरचरली नाही. सासूबाईंचा आवाज स्वच्छ घुमला. जे सूर चुकले होते, तेसुद्धा स्वच्छ चुकले.

"बघा, मशीनच बिघडलं होतं आपलं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता असलंच एक घेऊ. रोज सकाळी लावायचं."

सासरे पाणी प्यायला आत गेले. जावईबापूंना राहवेना, ते मागोमाग गेले.

"बाबा, खरं सांगतो. तबकडी वाकली होती. चार दिवस खिडकीत राहिली, माझी चूक."

"छे. चार दिवसांत नाही वाकत ती," सासरे हळूच म्हणाले. "मला दोन उन्हाळे लागले होते."

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, पुन्हा लावतेय, या लवकर."

सासऱ्यांनी पेला शांतपणे पालथा घातला.

"खिडकी कुठली म्हणालात?"