नियम चौदा (ब) आणि एक अंजीर

ज्याला बागेची मनापासून आवड आहे, त्याने सर्वांत आधी बागेपासून लांब राहायला शिकलं पाहिजे. बागेत चिखल असतो, डास असतात आणि मुख्य म्हणजे बसायला धड खुर्ची नसते. आवड जोपासायची तर खुर्च्या लागतात, गरम चहा लागतो, तीच आवड असलेली चार माणसं लागतात आणि त्या चौघांत पुढच्या खुर्चीवर कोण बसणार हे ठरवायला एक नियमावली लागते. गावातल्या उद्यानप्रेमी मंडळाला हे सत्य स्थापनेनंतर तिसऱ्याच वर्षी उमगलं आणि तेव्हापासून मंडळाने मागे वळून पाहिलेलं नाही.

मंडळाचे सभासद त्रेसष्ट. सभासदांच्या बागा, शेवटच्या मोजणीप्रमाणे, नऊ. (त्यांतल्या दोन गच्चीवर आहेत आणि एक फोटोत.) स्थापनेच्या वर्षी हाच आकडा एक्केचाळीस होता. वार्षिक अहवालात ही घट 'प्रगती' या मथळ्याखाली नोंदवली आहे, कारण बागकामात अडकून पडलेल्या बत्तीस घरांना मंडळाने सार्वजनिक जीवनासाठी मोकळं केलं.

शरद ऋतू म्हणजे मंडळाचा हंगाम. बाहेर पानं गळायला लागली की मंडळाला पालवी फुटते. दहा आठवड्यांत सात सहली आणि आठ स्नेहमेळावे. (आठवा मेळावा, मेळावे सहलींपेक्षा एकाने जास्त का होतात, यावर विचार करण्यासाठी असतो.) सहल म्हणजे बसने दोन तास प्रवास करून डोंगरावरची पानगळ बघायला जाणं. तिथे सगळे ज्येष्ठतेनुसार उतरतात, झाडांसमोर रांगेत उभे राहतात, "वा!" म्हणतात, फोटो काढतात आणि परत चढतात. झाडांकडे बघण्यात सरासरी अकरा मिनिटं जातात. खिडकीची जागा कुणाची, यात चाळीस. मग पुढच्या रविवारी सहल कशी झाली हे एकमेकांना सांगण्यासाठी मेळावा, आणि तिथे जे आले नाहीत त्यांच्याविषयी बोलण्यासाठी चहाची दुसरी फेरी.

या सगळ्याचा आधारस्तंभ म्हणजे मंडळाचे चिटणीस, चष्मेवाले. मुख्य रस्त्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान. गावातली निम्मी माणसं जग त्यांच्याच काचांतून बघतात. अकरा वर्षं चिटणीसपद, अकरा शरद, सत्त्याहत्तर सहली आणि प्रत्येक सहलीचा अहवाल त्यांच्या हातचा. 'पानगळीचे ते विलोभनीय दृश्य' हे शब्द त्यांनी आजवर सत्त्याहत्तर वेळा लिहिले आहेत आणि दर वेळी लिहिताना त्यांना खरोखर भरून आलं आहे.

त्यांना अध्यक्ष व्हायचं होतं. उगाच आडपडदा कशाला, फार व्हायचं होतं. अध्यक्षाला बसमध्ये पहिलं आसन मिळतं, चहाचा पहिला कप मिळतो आणि चांदीच्या मुठीचं एक खुरपं मिळतं, ज्याला आजतागायत माती लागलेली नाही. विद्यमान अध्यक्ष, म्हणजे निवृत्त इंजिनियर, यंदा पायउतार होणार होते आणि दुसरा कुणी उमेदवार नव्हता. मधे उभा होता तो फक्त नियम चौदा (ब).

या नियमाप्रमाणे उमेदवाराच्या घरी त्याने स्वतः किमान दहा वर्षं जोपासलेलं एक तरी झाड असलं पाहिजे, आणि ऐन शरदात त्रिसदस्यीय समितीने पाहणी करून ते 'हिरवे' असल्याचा निर्वाळा दिला पाहिजे. सभासदांच्या नखांत माती असायची, त्या काळातला हा नियम. तो केव्हाच रद्द झाला असता, पण त्यासाठी गणसंख्या लागते, आणि गणसंख्या सहलीला गेलेली असते.

चष्मेवाल्यांना त्याची काळजी नव्हती. त्यांच्या परसात अंजीर होतं. मुलगी जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः खड्डा खणून लावलेलं. पहिलं फळ आलं तेव्हा त्यांनी ते आपल्या हाताने लेकीला भरवलं होतं. ती आता नोकरीला परगावी होती. या झाडाचं कौतुक कुणाला तरी सांगावं म्हणून तर ते अकरा वर्षांपूर्वी मंडळात शिरले, आणि शिरल्यावर मंडळाच्या कामामुळे त्यांना परसात जायला सवड झाली नाही. झाडाला पाणी घालणं, खाली झाडणं हे बायको बघायची. (नियमातल्या 'स्वतः' या शब्दाची व्याख्या कुठेच दिलेली नाही. बायकोने घातलेलं पाणी मंडळात आजवर नवऱ्याच्याच नावावर जमा होत आलं आहे.)

पाहणीला आठ दिवस राहिले तेव्हा चष्मेवाले परसात गेले. परसातल्या चपला त्यांना नव्हत्याच, म्हणून बायकोच्या घालून गेले. आणि बघतात तर अंजिरावर एक पान नाही. नुसत्या करड्या काटक्या.

मेलं, ते मनाशी म्हणाले. पानगळीवर सत्त्याहत्तर अहवाल लिहिलेल्या माणसाला पानगळ ओळखू आली नाही, यात त्यांचा दोष नाही. पानगळ ही बसने दोन तास गेल्यावर दिसते, असाच त्यांचा अकरा वर्षांचा अनुभव होता, आणि त्याआधीचं परसातलं सगळं ते विसरून गेले होते. ती घरामागे, कार्यक्रमपत्रिकेत नसताना, अध्यक्षांची परवानगी न घेता होऊ शकते, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

बायकोला विचारायची सोय नव्हती. झाड कधी गेलं असं विचारायचं, म्हणजे आपण अकरा वर्षांत एकदाही बघितलं नाही हे कबूल करायचं. पुढचे चार दिवस त्यांचं कशात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला त्यांनी अक्षरांचा तक्ता उलटा टांगून वाचायला लावला आणि त्याला जाड नंबर काढून दिला. खुर्ची जाणार याचं दुःख होतंच. पण मधेच लेकीची चिकट झालेली बोटं आठवायची आणि त्यांना स्वतःची लाज वाटायची. कार्यकर्त्याला अशी लाज फार वेळ परवडत नाही. गुरुवारी बायको दिवसभर बहिणीकडे जाणार होती. चष्मेवाले सजावटीच्या दुकानात गेले.

अंजिराची प्लास्टिकची पानं दुकानात नव्हती. द्राक्षाची होती. साधारण तसाच पंजा, असं दुकानदार म्हणाला आणि चष्मेवाल्यांनी ते तज्ज्ञाचं मत मानलं. तीनशे बारा पानं घेतली. चष्म्याच्या काड्या दुरुस्त करायची बारीक तार आणि चिमटा दुकानातून आणला, न्हाणीघरातलं स्टूल झाडाखाली लावलं आणि चार तास बसून एकेक पान डहाळीला गुंडाळलं. शंभरेक पानं झाल्यावर तर ते चक्क गुणगुणायला लागले. अकरा वर्षांत त्यांचा झाडाला हात लागला तो त्या दिवशी.

आता समिती. निवृत्त इंजिनियरांना मोतीबिंदू होता. सहलींचा हंगाम संपेपर्यंत त्यांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली होती. दातांच्या डॉक्टरांचा नंबर उणे सहा, पण चारचौघांत चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. दोघांचे कागद चष्मेवाल्यांना तोंडपाठ होते. त्यांनी तीन खुर्च्या झाडापासून बरोबर वीस फुटांवर मांडल्या. इतक्या अंतरावरून या दोघांना तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षरसुद्धा अंदाजानेच सांगावं लागे.

भीती होती ती तिसरीची. रोपवाटिकेच्या मालकीणबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांनी चष्मेवाल्यांच्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. त्यांची नजर ठणठणीत होती. (सहलींना सतत गैरहजर राहिल्याबद्दल मंडळाने त्यांना तीन वेळा समज दिली होती. कारण विचारलं की त्या "रोपांना पाणी घालायचं असतं" असं लंगडं उत्तर द्यायच्या. त्यांना सुधारण्याचा शेवटचा उपाय म्हणून समितीवर घेतलं होतं.)

रविवारी पाहणी झाली. चहाची पाहणी पस्तीस मिनिटं, बिस्किटांची दहा, झाडाची चार. इंजिनियरांनी पाण्याच्या टाकीच्या दिशेने बघून "भरगच्च" असा शेरा दिला. डॉक्टरांना मुळं मजबूत वाटली. दोघे सही करायला पेन शोधत असताना मालकीणबाई उठल्या आणि चालत झाडापाशी गेल्या.

बाईंनी एक पान चिमटीत धरलं. सोडलं. मग एका फांदीची साल नखाने जराशी खरवडली, आत बघितलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या चष्मेवाल्यांच्या बायकोकडे बघितलं. गुरुवारी संध्याकाळी घरी आल्यावर झाडाखालचं मातीने भरलेलं स्टूल तिनेच निमूटपणे न्हाणीघरात जागेवर ठेवलं होतं.

"झाड उत्तम आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "अंजिराला द्राक्षाची पानं चव्वेचाळीस वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदाच बघतेय. पण झाड उत्तम आहे."

इतर दोघांना हा गौरव वाटला आणि इतिवृत्तात 'अपूर्व' असा शब्द पडला. बाईंनी कीव येऊन सोडून दिलं, असं चष्मेवाले समजले. त्या सरळ झाडाविषयी बोलत होत्या, ही शक्यता त्यांच्या मनात आलीच नाही. मंडळात तशी पद्धत नव्हती.

चष्मेवाले बिनविरोध अध्यक्ष झाले. खुरपं मिळालं, पहिला कप मिळाला. नव्या अध्यक्षांच्या घरी ऐन शरदात एकही पान न गाळणारं झाड आहे म्हटल्यावर जी झाडं पानं गाळतात त्यांच्याकडे मंडळ वेगळ्या नजरेने बघू लागलं. पान गळणं हा मालकाच्या ढिलाईचा पुरावा आहे, असा ठराव झाला. सहल डोंगराऐवजी चष्मेवाल्यांच्या परसात येऊ लागली. (प्रवास सात मिनिटांचा. खिडकीच्या जागेचा वाद तरीही चाळीस मिनिटंच चालला. परंपरा म्हणून काही असतं की नाही?) शेजारच्या गावच्या मंडळाचीही बस येऊन गेली. रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना चौथी समज गेली.

एवढी माणसं बघायला येणार म्हणजे झाड स्वच्छ नको? थंडीभर चष्मेवाले दर शनिवारी दुपारी स्टुलावर चढून तीनशे बारा पानं चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने, काचांवर मारायचा फवारा मारून पुसत. क्रमाने. कार्यकारिणीची बैठक शनिवारीच पाचला असे, तोवर उरकायला लागे.

थंडी ओसरली. एका शनिवारी एकशे सत्तेचाळिसावं पान पुसताना त्याच्या बुडाशी हिरवट काहीतरी लागलं. त्यांनी पुसलं. निघेना. फवारा मारून पुसलं, तरी निघेना. मग त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, तो पुसला, परत लावला आणि नीट बघितलं. कोंब होता. शेजारच्या डहाळीला दुसरा होता, आणि त्यातून मुडपलेलं एक पान बाहेर यायला धडपडत होतं, आणि त्याची वाट तारेने अडवली होती.

त्यांनी बायकोला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली.

"हे जिवंत आहे," ते म्हणाले.

"मेलं कधी होतं? झोपतं ते. दर थंडीत झोपतं."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली, मी वाट बघतेय विचाराल म्हणून."

चष्मेवाले स्टुलावर बसले. मग त्यांनी चिमटा मागितला. तारा सोडवताना कोंबाला धक्का लागू नये म्हणून हात अगदी हलका ठेवावा लागत होता आणि असा हात त्यांना होता. तीस वर्षं दुसरं काय केलं होतं? बायको खाली उभी राहून निघालेली पानं टोपलीत टाकत होती आणि मधूनमधून, यंदा फळं लवकर येतील, लेकीला कळवू, असं म्हणत होती. पाच वाजून गेले ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. पुढच्या शनिवारी उरलेली पानं सोडवायची होती. त्याच्या पुढच्या शनिवारी आळं करायचं होतं. चांदीच्या मुठीच्या खुरप्याला धार बरी निघाली.

नियम नऊप्रमाणे सलग तीन बैठकांना गैरहजर राहणाऱ्याचं पद जातं. मंडळाचं पत्र आलं. त्यात मोठ्या दुःखाने म्हटलं होतं की, माननीय अध्यक्ष 'प्रत्यक्ष बागकामात' गुंतल्याचं खात्रीलायकरीत्या समजलं असून हे वर्तन मंडळाच्या उद्दिष्टांशी विसंगत आहे. सबब खुरपं स्वच्छ धुऊन परत करावं, आणि तीनशे बारा पानंही. ती आता मंडळाच्या दारातल्या वाळक्या खांबाला गुंडाळली आहेत. खांब बारमाही हिरवा असतो आणि पाहणीला सोयीचा पडतो.

अध्यक्षपद मात्र रिकामं आहे. चांगल्या झाडामुळे चांगला कार्यकर्ता वाया गेल्याचा अनुभव जमेस धरून मंडळाने चौदा (ब) एकदाचा रद्द केला आणि त्याजागी नवी पात्रता ठरवली आहे: उमेदवाराने बागेविषयी बराच वेळ, रस घेऊन, एका जागी बसून ऐकावं किंवा वाचावं, आणि तेवढ्या वेळात आपल्या घरातल्या कुंडीकडे एकदाही बघू नये. आपण इथवर आलात, म्हणजे दोन्ही अटी पूर्ण झाल्या आहेत. वेगळा अर्ज करायची गरज नाही. आपली खुर्ची मांडून ठेवली आहे आणि ती आपली वाट बघते आहे. (कुंडीही बघत होती, पण तिचं आता राहू द्या.)