आत्याचं एम.ए.

आमच्या सुमनआत्याकडे पाहुणा आला की ती आधी पाणी देते आणि मग विचारते, "तुमी का आलात?" नवखा माणूस गोरामोरा होतो. माझा नवरा तर लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत चप्पल घालून निघालाच होता. हा अपमान नाही, अभ्यास आहे, असं मी त्याला अंगणात गाठून समजावलं.

आत्या शहापूरजवळच्या शेणव्याची. सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका गुडघे धरून बसल्या, हिनं एम.ए.ला नाव घातलं. विषय जागतिक स्थलांतर. माणसं आपला मुलूख सोडून परदेशी का जातात, तिथं त्यांचं काय होतं, असा सगळा अभ्यास. तास मोबाइलवर, परीक्षा कल्याणला.

सुरुवातीलाच तिला दोन शब्द सापडले : ढकलणारं कारण आणि ओढणारं कारण. मग गावात कुणाची सुटका राहिली नाही. "मी पण स्थलांतरितच," ती सांगायची. "मुरबाडवरून शेणव्याला आले. हे ओढणारं कारण." असं म्हणून ती आतोबांकडे, म्हणजे आपल्या नवऱ्याकडे, बोट दाखवायची. आतोबा मिशीत हसायचे. "आणि माहेरी एका खोलीत आमी सहा बहिणी, ते ढकलणारं. त्याचाच जोर जास्त." आतोबांचं हसू मिशीतच राहायचं.

मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला मी त्यांच्यासोबत गेले होते. आतोबांना आकाशपाळण्यात बसायची हौस. पाळणा फिरवणारा माणूस उत्तर प्रदेशातला निघाला. आत्यानं त्याला घर का सोडलं म्हणून विचारलं. असं त्याला कधी कुणी विचारलं नसावं. त्यानं पाळणा थांबवला आणि गावच्या नदीपासून सांगायला सुरुवात केली. आत्या माना डोलवत ऐकत होती, आणि आतोबा सगळ्यात वरच्या पाळण्यात लटकत होते. खाली उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "वरून सगळी जत्रा दिसली. बायको तेवढी वर बघत नव्हती."

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी परदेशात राहणाऱ्या माणसांच्या मुलाखती हव्या होत्या. एक माणूस कमी पडत होतं. आत्याची एकुलती एक मुलगी प्रज्ञा मस्कतला नर्स आहे. प्राध्यापकांनी तिची मुलाखत घ्यायला परवानगी दिली, पण अटी घातल्या. नाव बदलायचं, इतरांना विचारले तेच प्रश्न विचारायचे, आणि मधे सल्ला द्यायचा नाही. या शेवटच्या अटीवर आत्या दोन दिवस धुमसत होती.

रविवारी दुपारी फोन लागला. उत्तरं टाइप करायला मी शेजारी बसले. प्रज्ञा "जयभीम आई" म्हणाली. आत्यानं घसा साफ करून तिला "अहो-जाहो" करायला सुरुवात केली, तेव्हा दोघीही हसल्या.

मग हळूहळू हसणं थांबलं. एरवी प्रज्ञाचा फोन म्हणजे "मजेत आहे, जेवले, ठेवते." त्या दिवशी ती बोलत राहिली. पहिलं वर्षभर नळ सोडून बाथरूममध्ये रडायची, म्हणजे खोलीतल्या बाकीच्या मुलींना ऐकू जायला नको. अजूनही सणाच्या दिवशी मुद्दाम जादा ड्युटी मागून घेते. आत्यानं मधे एकही सल्ला दिला नाही. फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

शेवटचा प्रश्न होता, परत यायचा विचार आहे का?

प्रज्ञानं उलट विचारलं, "आई विचारते का विद्यार्थिनी?"

"विद्यार्थिनी."

"मग हाय. रोज हाय."

"आणि आईनं विचारलं असतं तर?"

"मजेत आहे म्हटलं असतं."

आत्यानं नियमाप्रमाणे आभार मानले आणि फोन ठेवला. शेवटची दोन उत्तरं लिहू नको, असं मला खुणेनंच सांगितलं.

आतोबा इतका वेळ दाराबाहेर पायरीवर बसून होते. आत येऊन त्यांनी विचारलं, "काय म्हणली पोरगी?"

"मुलाखत दिलेल्या माणसाचं बोलणं बाहेर सांगायचं नसतं," आत्या म्हणाली.

ते मान हलवून परत पायरीवर जाऊन बसले. आत्या जरा वेळानं उठली, त्यांच्याशेजारी बसली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. मग मागच्या खोलीतून भाताची पोती ओढल्याचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं, तर प्रज्ञा गेल्यापासून पोत्यांनी भरलेली तिची खोली दोघं मिळून रिकामी करत होते.