दोन एकादश्या आणि एक कायदा

नरसिंहरावांच्या पोटात कालपासून कॉफीखेरीज काही गेलं नव्हतं, आणि संध्याकाळी त्यांना लॉ कॉलेजात 'निसर्गदत्त कायदा आणि नीती' यावर बोलायचं होतं. प्रिन्सिपॉल स्वतः ऐकायला येणार होते. प्रोफेसरची रिकामी जागा त्यावरच ठरायची होती.

काल सासुरवाडीला गेले, तर तिथे एकादशी. सासरची माणसं स्मार्त. आज चामराजपेठेत घरी परतले, तर इथे एकादशी. घरचे माध्व वैष्णव, त्यांची एकादशी दुसऱ्या दिवशी.

"अण्णा, मी काल केली ना!"

"ती त्यांची. आपली आज," वडील भीमाचार्य म्हणाले.

"बेंगळुरात चंद्र एकच आहे ना?"

"चंद्र एक, पंचांगं दोन. स्वल्प सोस रे."

नरसिंहराव चडफडले. आठवडाभर ते घरात मोठ्यानं भाषणाचा सराव करत होते: खरा नियम सगळ्या घरांत एकच असतो, तो कोणी सांगावा लागत नाही, बुद्धीला आतून कळतो, जीव राखणं हा पहिला नियम, त्याच्या आड येणारा माणसाचा कायदा हा कायदाच नव्हे. हे जगाला सांगायची त्यांची तयारी होती. अण्णांना सांगायची छाती नव्हती.

व्याख्यानात 'सगळ्या घरांत एकच' म्हणताना त्यांचा आवाज संतापानं असा चढला, की प्रिन्सिपॉल खूश झाले. मग सगळ्यांसाठी रव्याचं गरम उप्पिट्टू आलं.

"घ्या, राव!"

"नको सर. आज एकादशी."

"आत्ताच म्हणालात, जीव राखणं हा पहिला नियम!"

"तो चामराजपेठेत लागू नाही, सर."

सभागृह हसलं. प्रिन्सिपॉल हसले नाहीत. "तुमचाच विश्वास नसेल, तर पोरांचा कसा बसणार?" असं म्हणून ते उठले. गेली जागा, नरसिंहरावांनी ओळखलं.

घरी आले तर फोडणीचा वास. अण्णांच्या पुढ्यात रिकामी ताटली.

"अण्णा, हे काय?"

"दुपारी चक्कर आली रे. जीव राखणं पहिला नियम, आठवडाभर ऐकतोय. पटलं. अहल्येनं उप्पिट्टू केलं."

"आणि तू गं?" त्यांनी बायकोला, अहल्येला, विचारलं.

"मामंजींनी एकट्यानं कसं खायचं?"

"अण्णा, मग मला निरोप तरी धाडायचा!"

"खरा नियम सांगावा लागत नाही म्हणालास," अण्णा म्हणाले. "आतून कळतो. आम्हाला वाटलं, कळला असेल."

नरसिंहरावांनी पाट ओढला. "वाढ."

"छे छे!" अण्णांनी हात आडवा धरला. "दोन दिवस निभावलंस, आता मोडायचं पाप कशाला? उद्या द्वादशीला पोटभर जेव. सरी, ठीक ना?"