परातींना नेसवलेलं धोतर

रुखमाबाईनं सांगितलं होतं वाळत्या आंबापोळीवर जुनं लुगडं झाकायला आणि बबनरावांनी झाकलं नवं धोतर. एवढंच झालं. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

लुगड्याला त्यांची ना नव्हती, पण त्याला भोकं. भोकातून माशा शिरणार, आणि लेकीला काय माशा खाऊ घालायच्या? रंजीताला दिवस गेलेले. फोनवर एकच धोशा, आईच्या हातची आंबापोळी पाहिजे. शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाचे शेवटचे आंबे पिळून रुखमाबाईनं तुपाचा हात फिरवलेल्या परातींत थरावर थर दिले होते. शेवटचा थर ओतून ती मालेगावला भाच्याच्या हळदीला निघाली. परवा दोघांनी लेकीकडं जायचं होतं. जीपमध्ये चढताना म्हणाली, "नुसते बसून राहा. दुसरं काई करू नका."

(बबनरावांना बसून राहता येतं. डोळे उघडे ठेवून बसता येत नाही, हे लग्नाच्या मांडवापासूनचं दुखणं.)

धोतर पातळ, घडी न मोडलेलं, लेकीच्या सासरी नेसायला ठेवलेलं. ते त्यांनी गच्चीवर सगळ्या परातींवरून ताणलं, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, वानरांसाठी काठी घेतली आणि टाकीच्या सावलीत टेकले. वानर आलं नाही. वारा आला. धोतर फुगलं, मग अलगद रसात बसलं आणि वरून मे महिन्याचं ऊन इस्त्री फिरवून गेलं.

जाग आली तेव्हा पराती धोतर नेसून बसल्या होत्या. एक टोक ओढलं तर परातच उठून आली. पाणी शिंपडलं तर बोटंही चिकटली. शेजारचा रतनसिंग कठड्यावरून बघत होता.

"काका, धोतर वाळवून राह्यले का पोळी?"

"तू तुयं काम कर."

"नाई, नेसता कशी येईन तेच पाहून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी रुखमाबाई परतली. शिव्या खायला बबनराव मान खाली घालून तयारच होते, पण तिनं सरळ उलथनं घेतलं. (ते जास्त वाईट.) मग परातींच्या कडा सोडवल्या. तुपामुळं पोळी परातीतून सुरेख सुटली, धोतरासकट. सगळं गुंडाळून तिनं पिशवीत भरलं.

"अन् मी काय नेसू?"

"नेसाचं होतं तं झाकलं कायले?"

बबनराव पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात लेकीच्या सासरी पोचले. ओसरीवर सगळ्यांसमोर ते धोतर उलगडलं तेव्हा त्यांनी छताचे पंखे मोजायला घेतले. पंखा एकच होता. रंजीतानं एक पट्टी सोलली आणि तोंडात टाकली. मग दुसरी. पोळीवर धोतराचं बारीक विणकाम उमटलं होतं, कडेला काठसुद्धा.

"आई, यंदा नक्षी काहाडली का वं?"

रुखमाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "तुया बाबानं काहाडली."

लेक खातच राहिली. रंजीताच्या सासूनं, म्हणजे ईनबाईनंही, एक तुकडा घेतला, मग आणखी एक, आणि बबनरावांची छाती पायजम्यातसुद्धा फुगली. निघताना ईनबाईनं कुंकू लावून त्यांच्या हातात कोरं धोतर ठेवलं. त्यांच्या धोतरापेक्षाही पातळ, लांबरुंद. बबनरावांचे डोळे भरून आले.

"याची काय गरज होती, ईनबाई?"

"गरज हाय नं, इवाईबुवा. पण हे नेसू नका," ईनबाई म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात हे आमच्या पोळीवर टाका."