खुर्चीवरचा पाहुणा

भूषण नागपूरला नेमकं काय शिकतो, हे भंडाऱ्याच्या त्या विणकरांच्या गल्लीत कोणालाच धड सांगता येत नसे. विषयाचं नाव होतं सर्वव्यापी संगणन. "म्हंजे घरभर कम्प्युटर, पन दिसत एकही नाही," असं त्याचे वडील सेवकराम हातमागावर बसल्याबसल्या लोकांना समजावत. "दिसतच नाही, तं मंग पोट्टा शिकून काय राहिला?" शेजारच्या सुशीलाबाईंनी एकदा विचारलं. सेवकरामांनी धोटा जरा जोरात मारला आणि विषय संपवला.

वैरागडे सर वर्गात घसा कोरडा करून सांगायचे, की यंत्र माणसाच्या सवयीत असं विरघळलं पाहिजे, की ते आहे हेच त्याच्या लक्षात राहू नये. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी भूषणने घरातलीच एक सवय धरली. बैठकीत कोणी आलं, की त्याची आई कुसुमताई स्वयंपाकघराचा पडदा बोटभर सरकवून डोकी मोजायची आणि तेवढ्या चहाचं आधण ठेवायची. भूषणने ठरवलं, आईची ही ये-जा वाचवायची. सेवकरामांनी सतरंजी विणताना आडव्या धाग्यांत तांब्याची बारीक तार घातली, आणि ती बैठकीतल्या लाकडी तखतावर अंथरली. आता तखतावर कोणी टेकलं, की आत फळीवर घंटी वाजे. जितक्या घंट्या, तितके कप. लोडशेडिंगचे दिवस होते, म्हणून सगळा कारभार एका जुन्या बॅटरीवर.

सुरुवातीला कुसुमताईंनी नाक मुरडलं. मग हळूहळू त्या पडद्याला हात लावायचंच विसरल्या. सेवकराम मागावरून उठून तखतावर बसले, की न मागता चहा हजर. जन्मभरात नवराबायकोत एवढा समजूतदारपणा कधी झाला नव्हता.

वैरागडे सरांना मात्र हे पटेना. "कागदावर सगळ्यांचंच चालतं," ते म्हणाले. "मी रविवारी घरी येऊन बघतो. चाललं तर पास, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा." भूषणला पुण्यात मिळालेली नोकरी त्या एका शेऱ्यावर अडकलेली.

रविवारी तो सरांना वरठी स्टेशनवरून मोटरसायकलवर घेऊन आला. बैठकीत पाऊल टाकलं आणि त्याचा चेहराच पडला. तखतासमोर लाल रंगाची, हातवाली, धुऊन पुसून चकचकीत केलेली प्लास्टिकची खुर्ची मांडलेली.

"बसा सर, बसा," सेवकरामांनी सरांना हाताला धरून खुर्चीत बसवलंच.

भूषणने वडिलांना दारामागे ओढलं. "बाबा, सरायले तखतावर बसवाचं होतं ना."

"तखतावर? तिथं तं आपन रोज बसतो. खास सुशीलाबाईच्या घरून खुर्ची आनली मी."

"पन खुर्चीत तार नाही बाबा. सरायले उठवा तिथून."

"घरी आलेल्या मानसाले बसल्या जागेवरून उठ म्हनाचं? हे शिकवते का तुमच्या कॉलेजात?"

तोवर नागपूरचे साहेब बघायला गल्ली लोटली. सुशीलाबाई बसल्या, कारध्याहून आलेले सोमाजीमामा बसले, मागोमाग चार बाया बसल्या. एकेक जण आला की आधीचे सरकून जागा देत, आणि प्रत्येक सरकण्याला आत घंटी वाजे. कुसुमताईंनी सगळ्या घंट्या इमानदारीने मोजल्या, घरातलं सगळं दूध ओतलं आणि ट्रे भरून पडद्याबाहेर सरकवला.

भूषणने ट्रे आधी सरांसमोर धरला. सर सभ्य माणूस. "आधी मोठ्यांना द्या," ते म्हणाले. त्या गल्लीत चहाला नाही म्हणायची रीत नव्हती. मोठ्यांनी घेतला, त्यांच्याहून लहानांनी घेतला, आणि उरलेले पाहून सोमाजीमामांसकट सगळ्यांनी दुसराही घेतला. ट्रे रिकामा झाला.

भूषण धावत आत गेला. "आई, सर राहिले."

"कसे राहिले? मी घंटीगनिक कप भरला."

"सर खुर्चीवर आहेत."

"काहीबाही नको बोलू. पाहुना आला असता तं वाजली नसती का? कोनीतरी दोनदा घेतला असन." त्यात त्यांचं चुकलंही नव्हतं.

दुधासाठी सुशीलाबाई घरी धावल्या, वाटीभर दूध आणलं आणि परत आपल्या जागी बसल्या. घंटी वाजली. त्या दुधाचा एक कप झाला, आणि भूषण तो सरांकडे नेत असतानाच सुशीलाबाईंनी मधूनच उचलला. त्यांचंच दूध, त्यांचीच घंटी.

शेवटी वैरागडे सर स्वतःच उठले आणि पडद्याशी जाऊन उभे राहिले. "ताई, मी नागपूरहून आलोय. मला कोरा चहा दिला तरी चालेल."

कुसुमताईंनी वळून पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढला. "अगा माय, तुमी कवा आले? तुमची घंटी तं वाजलीच नाही."

सर इतके हसले, की तिथेच पडद्याआतल्या पाटावर टेकले. कोरा चहा त्यांनी बशीत ओतून निवांत प्यायला. भूषण खाली मान घालून उभा.

"सर, तुम्हालाच मोजलं नाही यंत्रानं."

"नाही मोजलं. पण बाहेर एवढा गोंधळ चाललेला असताना ताईंनी एकदाही पडदा सरकवला नाही, ते पाहिलंस का? मी वर्गात घसा फोडून जे सांगतो, ते आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. पास आहेस तू. खुर्चीचं मात्र काहीतरी कर."

खुर्चीचं काही करायचं राहूनच गेलं. सुशीलाबाईंनी ती परत नेली नाही. साहेब बसलेली खुर्ची तुमच्याच घरी शोभते, म्हणाल्या. भूषण पुण्याला गेला आणि हाक मारली की लागणारे दिवे लोकांच्या घरी बसवू लागला. मग सेवकराम गेले, आणि माग उभा होता तसाच राहिला.

यंदा दिवाळीला भूषण दुपारीच पोचला. दार उघडंच होतं. बॅग टाकून तो लाल खुर्चीत बसला आणि सवयीने मोबाईल पाहू लागला. बराच वेळ झाला, कोणी विचारलं नाही. त्याने मान वर केली. समोर तखतावर तीच सतरंजी होती, बाबा बसत त्या कडेला झिजलेली. त्याला बाबांची फार आठवण आली.

"आई," त्याने हाक मारली, "मी आलो. चहा ठेवते का?"

पडदा हलला नाही. आतून आवाज आला, "खुर्चीवर काहून बसला रे? तखतावर बस."

तो उठला आणि बाबांच्या जागी जाऊन बसला. आत घंटी वाजली.

"हं, आता आला तू," आई म्हणाली, आणि तिने गॅस पेटवला.